राखणीला कोण?

आधी जाळी आली की आधी टीव्ही, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. माझा मुलगा योगेंद्र म्हणतो, जाळी आधी. मी म्हणते, टीव्ही आधी. टीव्ही येईपर्यंत आमच्या घरात कोंडून ठेवावं असं होतंच काय? मी होते, योगेंद्रचे वडील होते, एक पितळी हंडा होता आणि एक जातं होतं. जातं हलवायला दोन माणसं लागायची. एवढे कष्ट चोर करत नाही.

आम्ही अमळनेरकडचे. सुरतेत आलो तेव्हा नदीकडच्या झोपड्यांत राहायचो. अडुसष्ट साली तापी शहरात शिरली, ते पाणी मी पाहिलंय. चुलीपर्यंत आलं तेव्हा यांनी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. मी योगेंद्रला कडेवर घेतलं आणि पिठाचा डबा काखेत मारला. झालं, घर निघालं. उंचावरच्या एका शाळेत जाऊन बसलो. तिथंच तीन दगड मांडून त्या पिठाच्या भाकरी केल्या, शेजारच्या बाईनं मिरची दिली. पाणी ओसरल्यावर परत आलो तर झोपडीच नव्हती. हे त्या चिखलात उभे राहून हसले. म्हणाले, "चला, झाडायचं काम वाचलं." मला राग आला होता तेव्हा. आता त्या हसण्याची आठवण आली की वाटतं, तसं हसणारा माणूस मी नंतर आमच्या घरात पाहिला नाही. तेसुद्धा तसे हसले ते पुन्हा एकदाच, पुष्कळ वर्षांनी.

पुढं लिंबायतमध्ये जागा घेतली. तेव्हा इथं बाभळी आणि चिखल, आणि दिवसरात्र लूमचा खडखडाट. गल्ली सगळी आपलीच. कुणी चोपड्याचं, कुणी शिरपूरचं, कुणी शिंदखेड्याचं. आमच्या घरापुढं मोठा ओटा होता. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया त्या ओट्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालायच्या, दुपारी तिथंच आडव्या व्हायच्या. गावी जायचं तर दाराची कडी लावून शेजारणीला सांगायचं, "लक्ष ठेव गं, मांजर शिरायला नको." एवढीच भीती. मांजराची.

हे पांडेसऱ्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये होते. रंगखात्यातल्या वाफेनं त्यांची छाती पोखरली. खोकला कायमचा बसला. योगेंद्रनं मात्र मिलचं तोंड पाहिलं नाही. तो मार्केटात कापडाच्या दलालीत शिरला, गुजराती फाडफाड बोलायला लागला आणि घरात वस्तू यायला लागल्या.

रंगीत टीव्ही आला. त्याला धूळ लागू नये म्हणून खिडकी बंद झाली. खिडकी बंद म्हणून पंखा आला. मग सोफा आला, त्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही असा हुकूम निघाला. घामानं अंग चिकटायचं त्याला. हे आपले खालीच बसायचे, सोफ्याला पाठ टेकून. सोफ्याला जागा हवी म्हणून माझं जातं गेलं. कुठं गेलं ते मला कुणी सांगितलं नाही. मग फ्रिज आला, तो दारातून आत जाईना. योगेंद्रनं गवंडी बोलावला, चौकट उखडली, फ्रिज आत घेतला आणि चौकट परत बसवली. मी विचारलं, "आता हा बाहेर कसा काढायचा?"

"कशाला काढायचा, माय?"

"बिघडला तर?"

"नवीन आहे तो!" तो चिडून म्हणाला. जणू नवीन वस्तू कधी जुनी होतच नाही.

मग जाळी. लोखंडी, जाड, थेट ओट्याच्या कडेवर उभी केलेली. ओटा आत गेला आणि बाया बाहेर राहिल्या. बिबडे घालायचे बंद झाले. सरलाबाई, आमच्या समोरची, एवढ्या वर्षांची मैत्रीण, ती जाळीला हात धरून बाहेरून बोलायला लागली. तुरुंगात भेटायला आल्यासारखी. मी तिला म्हटलं, "आत ये ना." म्हणाली, "नको गं, पाय भरलेत चिखलानं. तुमचा सोफा आहे."

आणि खरं दुखणं पुढंच होतं. आखाजीला आम्ही सगळे गावी जायचो. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. माहेरी झोके बांधतात, गाणी म्हणतात. जाळी आली त्या वर्षी योगेंद्र म्हणाला, "घर सुनं कसं टाकायचं? राखणीला कुणीतरी पाहिजे." हे म्हणाले, मी राहतो. पुढच्या वर्षी मी राहिले. त्यानंतर आम्ही सगळे मिळून एकदाही गावी गेलो नाही. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, ह्यांनी ते पाहिलं नाही. माझी आई वारली तेव्हा हे मला स्टेशनवर सोडून माघारी फिरले, घर मोकळं होतं म्हणून.

लहानपणी मीही राखण केली आहे. शेतात मचाणावर बसून गोफणीनं पाखरं उडवली आहेत. पण ती ज्वारी आम्हाला खायला घालायची. टीव्हीनं काय घातलं खायला?

चौऱ्याण्णव साली गणपती बुडाले आणि दोनचार दिवसांत सुरतेत प्लेगची बातमी फुटली. वेडरोडकडे माणसं मरताहेत, असं कुणी सांगितलं. सकाळी दूध आणायला गेले तर दूधवालाच नव्हता. नऊ वाजेपर्यंत गल्ली रस्त्यावर होती. तोंडाला रुमाल बांधलेले, डोक्यावर गाठोडी, पोरांना ओढत सगळे उधना स्टेशनकडे निघालेले. मालगाडी मिळाली तरी चालेल, छतावर जागा मिळाली तरी चालेल, पण सुरत सोडायचं.

माझी सून नूतन घाबरून रडायला लागली. जागृती, आमची नात, तिच्या मांडीवर. अजून पावलं टाकत नव्हती. मी म्हटलं, "रडू नकोस. चार कपडे घे. सगळे निघतोय आपण."

योगेंद्र तयार झाला होता, हातात बॅगही होती. पण तो टीव्हीकडे बघत होता. मग फ्रिजकडे. मग जाळीकडे.

तेवढ्यात सरलाबाई आली, डोक्यावर शिवणाचं मशीन घेऊन. "मालतीबाई, हे आत राहू द्या. तुमच्या घराला जाळी आहे."

तिच्यामागं भाईदास, रिक्षावाला. त्याच्या हातात छोटा काळापांढरा टीव्ही आणि टेपरेकॉर्डर. तो योगेंद्रच्या वडिलांना म्हणाला, "आबा, तुमचं घर म्हणजे बँक. व्याज नको मला, फक्त मुद्दल परत द्या."

मग सखुबाई, हंडे, कळश्या, परात घेऊन. मग अजून कोण, मग अजून कोण. पंखे, इस्त्र्या, गॅसची शेगडी, एकीनं तर आरसा आणला. "चोर फिरताहेत म्हणे, सगळी घरं फोडणार." कुणी चोर पाहिला होता? कुणीच नाही. पण सगळ्यांच्या तोंडी चोर होता. प्लेगनं मरू ही भीती होतीच, पण माघारी टीव्ही जाईल ही भीती तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

आणि आमच्याकडची एक रीत आहे. ठेव म्हणून भांडं द्यायचं तर रिकामं द्यायचं नाही. मूठभर धान्य टाकून द्यायचं, नाहीतर अपशकुन. इतक्या घाईतही बायांनी ती रीत पाळली. कुणी ज्वारी टाकली, कुणी तांदूळ, कुणी तुरीची डाळ. ह्यांनी प्रत्येक भांड्याला हात लावून म्हटलं, "मी शे." म्हणजे मी आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कित्येक वर्षांत त्यांचं तोंड असं उजळलेलं पाहिलं नव्हतं. घरात त्यांना कुणी विचारत नव्हतं ना. आता अख्खी गल्ली त्यांच्या भरवशावर निघाली होती.

बाहेरची खोली गळ्यापर्यंत भरली. योगेंद्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तर लोकांची ठेव आहे. बाबा राहतील."

"आणि तू?"

"नूतनला आणि जागृतीला गावी पोचवतो. दोन दिवसांत परत येतो, मग बाबा जातील."

"छाती बघ त्यांची. मिलनं आधीच खाल्ली आहे. हा रोग छातीचा आहे म्हणताहेत लोक."

"माय, दाराबाहेर पडायचंच नाही त्यांनी. जाळीच्या आत कुठून येणार रोग?"

इतका शिकलेला माझा मुलगा. लोखंडाच्या जाळीनं रोग अडवत होता.

नूतन दारात थांबली. "मामा, तुम्हीही चला ना," ती ह्यांना म्हणाली. सासऱ्याला मामा म्हणायची ती. हे म्हणाले, "जा बेटा, गाडी चुकेल." मग माझ्याकडे वळले. "अवं, तू बी जाय. लोकेसनी ठेव शे, माले ऱ्हावं लागी."

मी गाठोडं खाली ठेवलं. त्यांना एकटं टाकून मी कुठं जाणार होते? योगेंद्रनं बाहेरून जाळी ओढली. ह्यांनी आतून कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

दोन दिवस झाले. योगेंद्र आला नाही.

गल्लीत कुत्री तेवढी राहिली होती. लूम बंद. त्या खडखडाटाची इतकी सवय की तो थांबल्यावर कान दुखायला लागले. तोंडाला फडकी बांधलेली माणसं यायची, गटारीच्या कडेनं पांढरी पावडर मारून जायची. ती ओरडून सांगायची, घरात उंदीर दिसला तर कळवा, खाणं उघडं ठेवू नका. हे मान डोलवायचे. मी चुलीपाशी, तेही तिथंच, कारण बसायला दुसरी जागा उरली नव्हती. झोपायचं कसं तर सरलाबाईचं मशीन आणि सोफा यांच्यातल्या फटीत. आमच्याच घरात आम्ही पाहुणे होतो, तेही नको असलेले.

मग खडखड ऐकू यायला लागली. भांड्यांतून. आधी मला वाटलं, हंडे एकमेकांवर नीट बसले नसतील. दुपारी एक परात उचलली आणि आतून उंदीर उडी मारून सोफ्याखाली गेला. मी कळशीत वाकून पाहिलं. तांदूळ अर्धे खाल्लेले, वर लेंड्या. दुसरी कळशी, तिसरा हंडा, सगळीकडे तेच. गल्ली रिकामी, कुठल्याच घरात दाणा उरला नव्हता. सगळा दाणा आमच्या खोलीत, भांड्याभांड्यांत वाढून ठेवलेला. शहरभर उंदरांच्या नावानं बोंब चालली होती आणि आम्ही त्यांची पंगत मांडून बसलो होतो.

मी भांडी अंगणात उलटी करायला निघाले. हे म्हणाले, "लोकांची ठेव आहे. हात लावू नको. जशी दिली तशी परत द्यायची."

"उंदरांसकट?"

ते खोकत होते. खोकून झालं की पंचा तोंडाला दाबून धरायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी हात लावून पाहिला तर अंग भाजत होतं.

"दवाखान्यात चला."

"माले काहीच व्हयेल नही."

"ताप आहे."

"हळू बोल," ते म्हणाले. "कुणी ऐकलं तर धरून नेतील मला. घराला कोण?"

हे त्यांनी फार साधेपणानं विचारलं. खरंच त्यांना पडलेला प्रश्न होता तो. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जन्म घालवला. रोज अंगावर दुसऱ्याच्या साड्यांचे रंग घेऊन घरी यायचे, कधी हिरवे, कधी राणी. कधी तक्रार नाही. आणि आता म्हातारपणी एका सोफ्यासाठी, एका शिवणाच्या मशीनसाठी, कुणाच्या तरी आरशासाठी खोकला गिळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास यायला लागला. मी काठी घेतली आणि फ्रिजच्या मागं घातली. मेलेला उंदीर निघाला. फुगलेला. तो फ्रिज हलवता येत नव्हता, समोर सोफा, सोफ्यावर टीव्ही, टीव्हीवर टेपरेकॉर्डर. काठीनं ओढत ओढत तो उंदीर बाहेर आणला, चिमट्यानं उचलून परसात टाकला आणि रॉकेल ओतून पेटवला. त्या जाळाकडे बघताना माझ्या डोक्यातही काहीतरी पेटलं. आत आले तर हे भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले, श्वास कापड फाडल्यासारखा वाजत होता.

मी त्यांच्या करदोड्याला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. तापातही पकड होती.

"काय करी ऱ्हायनी?"

मी एकेक बोट सोडवलं आणि किल्ली काढली.

जाळी उघडली. आधी सरलाबाईचं मशीन. ते मी गल्लीच्या मधोमध नेऊन ठेवलं. मग भाईदासचा टीव्ही, त्याचा टेपरेकॉर्डर. पंखे. इस्त्र्या. शेगडी. भांडी तर मी एकेक उलटी करून गटारीपाशी दाणे झाडले आणि रांगेनं पालथी घातली. आमचा मोठा टीव्ही उचलेना. गोधडी अंथरली, त्यावर तो आडवा केला आणि गोधडी ओढत उंबऱ्यापर्यंत आणली. उंबऱ्यावरून उतरताना आतून काहीतरी खळकन वाजलं. वाजू दे. सोफ्याच्या खुर्च्या ढकलल्या. आरसा भिंतीला टेकवला, त्यात मला माझं तोंड दिसलं. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, नाकाला फडकं. कुणीही घाबरलं असतं. फ्रिज मात्र तिथंच राहिला. त्याची पिन काढली आणि दार उघडं टाकलं. चौकटीत अडकलेलं जनावर ते, त्याला मी काय करणार?

हे आतून हाका मारत होते. "अवं, पागल व्हयनी का? लोकेसनी ठेव शे!"

"होती," मी म्हटलं. "आता गल्लीची आहे."

पावडर मारणारा एक माणूस कोपऱ्यावर उभा राहून बघत होता. फडक्याआडून म्हणाला, "माँजी, ये क्या कर रही हो?"

"दुकान लगाया है," मी म्हटलं. "क्या चाहिए, टीव्ही?"

तो लांबूनच निघून गेला.

राघो तेव्हाच आला. लारी, म्हणजे हातगाडी, ओढायचा तो, कापडाचे तागे मार्केटात पोचवायचा, आणि लारीवरच झोपायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची लारी उभी असायची. मी विचारलं, "तू नाही गेलास?"

"गाव असतं तर गेलो असतो, माय," तो म्हणाला. "आणि सामान असतं तर तुमच्याकडं ठेवलं असतं." मग त्या सगळ्या पसाऱ्याकडे बघून म्हणाला, "हे कुठं न्यायचंय?"

"हे नाही. आत माणूस आहे. माणूस न्यायचाय."

आम्ही दोघांनी ह्यांना उचललं. ते हलके झाले होते, रिकाम्या पोत्यासारखे. बाहेर आणल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि गल्लीत मांडलेलं सगळं पाहिलं. हंडे, पंखे, टीव्ही, सोफा. ओठ हलले. मी त्यांच्या तोंडाशी वाकले आणि म्हटलं, "आता राखायला काही राहिलं नाही. आता तरी चला." त्यांनी मान खाली घातली. राघोनं लारी ओढली, मी मागून ढकलली. जाळी उघडी, दार उघडं. मी मागं पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, तोंड पूर्ण झाकलेलं. त्यानं तपासलं, कसल्या कसल्या तपासण्या केल्या, आणि शेवटी सांगितलं की प्लेग नाही, न्यूमोनिया आहे, आणि छाती आधीच खराब आहे. मग रागावून म्हणाला, "इतने दिन घर में क्यों बैठे रहे?"

मी म्हटलं, "फ्रिज था."

त्याला कळलं नाही. त्याचा दोष नाही.

कितीतरी दिवस ह्यांचा श्वास पुढं जायचा, मागं यायचा. कोपऱ्यात भिंतीला टेकून मी बसून असायचे. राघो रोज चहा आणायचा. तो म्हणायचा, "तुमच्या गल्लीत जाऊन आलो. सगळं तसंच आहे. कुणी हात लावला नाही." मी म्हटलं, "चोर कुठं गेले मग?" तो हसला. "तेही पळाले ना माय. त्यांनाही जीव आहे." मी हसले नाही. ज्या चोरांसाठी माझ्या नवऱ्यानं खोकला गिळला, ते चोर केव्हाच कुठल्यातरी गाडीच्या छतावर बसून आपापल्या गावी पोचले होते. तेवढी अक्कल चोरांना होती.

मग एके दुपारी पाऊस आला. मोठा, परतीचा. ह्यांची झोप मोडली. पावसाचा आवाज ऐकत ते बराच वेळ पडून राहिले. मग हळूच म्हणाले, "सरलाबाईचं मशीन." एवढंच. मी खिडकी लावून घेतली.

नवरात्रात लोक परतायला लागले. योगेंद्रही आला. तो आधी घरी गेला, तिथून दवाखान्यात. दारातूनच ओरडला, "माय, हे काय केलंस? टीव्ही भिजला! सोफा सडला! सगळी गल्ली मला विचारतेय!"

खाटेवर हे बसलेले होते, उशीला टेकून, पेज पीत. मी त्यांच्याकडे बोट केलं. "तुझा बाप कोरडा आहे. तो बघ."

तो दारातून आत आला. मग म्हणाला, "गावी पण अडकलो होतो. गाड्यांना गर्दी होती."

"तिकडून इकडं येणाऱ्या गाड्या रिकाम्या होत्या," मी म्हटलं. "आम्हाला ठाऊक आहे. राघो सांगत होता."

तो खाटेच्या कडेवर बसला. वडिलांनी त्याला विचारलं, "जागृती चालायला लागली का?" त्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बोलला तो काय? "लोकांना काय सांगू, बाबा?" तिथंच मला समजलं, हा मुलगा काही शिकला नाही.

गल्लीनं माझ्याशी अबोला धरला. भाईदास रस्त्यात दिसला की रिक्षा वळवायचा. सखुबाई मात्र येऊन भांडी घेऊन गेली. राखेनं घासली, लख्ख झाली, भांड्यांना काय होणार? जाताना म्हणाली, "आबांना बरं वाटलं ना? मग झालं." एकटी सखुबाई. सरलाबाई जाळीपाशी आली, आत न येता म्हणाली, "मालतीबाई, तुम्हाला दिलं होतं मी. तुमच्या विश्वासावर." मी म्हटलं, "सरला, मशीन गंजलं, मला वाईट वाटतं. पण तू एकदा तरी विचार, आत कोण आहे, जिवंत आहे का?" ती उभी राहिली, पदर चावत. मग गेली. पुढं बरेच महिने ती आलीच नाही. ह्यांनी जमेल तेव्हा तिच्या मशीनला तेल घालून, खरवडून, ते चालतं करून दिलं. मी त्यावरही भांडले त्यांच्याशी.

आणि फ्रिज? त्याची पिन योगेंद्रनं आल्या दिवशी लावली. तो घरघरायला लागला. त्याला काहीही झालं नव्हतं.

उन्हाळा आला. नवा टीव्ही आला, आधीच्यापेक्षा मोठा. जाळीला दुसरं कुलूप आलं. आखाजी जवळ आली तशी माझी माहेरची माणसं निरोप धाडायला लागली, या वेळी सगळे या, जागृतीला पहिल्यांदा झोक्यावर बसवू.

योगेंद्र जेवताना म्हणाला, "बाबांना आता प्रवास झेपायचा नाही. तू आणि बाबा इथंच राहा. मी नूतनला घेऊन जाऊन येतो."

ह्यांनी सवयीनं मान हलवली. "हां, मी शे ना."

मी ताटावरून उठले. "तुम्ही नाही," मी ह्यांना म्हटलं. "कधीच नाही." मग योगेंद्रकडे वळले. "हे येणार. मी येणार, नूतन आणि जागृती येणार. वस्तू ज्याच्या, त्यानं राखाव्यात."

"माय, असं कसं? घर सुनं..."

"मग तू राहा."

"मी? सणाला मी एकटा?"

"बाबा किती सण एकटे राहिले, ते कधी विचारलंस का तू?"

तो नूतनकडे बघायला लागला. तिनं जागृतीच्या तोंडाला लागलेला घास पुसला आणि वर न बघता म्हणाली, "आत्या बरोबर बोलतात." सासूची बाजू नूतननं घेतली ती तेवढीच एकदा. मी विसरणार नाही.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ दे, लावू कुलूप, चला सगळे. शेवटपर्यंत वाटत होतं. निघायच्या दिवशी राघो लारी घेऊन दाराशी आला, ह्यांना स्टेशनपर्यंत चालवत नव्हतं म्हणून. मी एकच गाठोडं घेतलं आणि भाकरीचा डबा. ह्यांना लारीवर बसवलं, जागृतीला त्यांच्या मांडीवर दिलं. योगेंद्र ओट्यावर उभा होता. मी थांबले. जितकं थांबता येईल तितकं थांबले.

"येतोस?" मी विचारलं.

त्यानं मागं वळून घरात पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. पोचल्यावर निरोप द्या."

राघोनं लारी ओढली. आमच्या पाठीमागं जाळी बंद झाल्याचा आवाज आला, मग एक कुलूप, मग दुसरं. जागृती आजोबांच्या खांद्यावरून मागं बघत होती. तिनं बोट दाखवून विचारलं, "पप्पा?"

"पप्पा राखणीला," हे म्हणाले.

त्यांना हसू आलं. खोकला येईपर्यंत ते हसत राहिले, त्या चिखलात उभे राहून हसले होते तसे. मी मात्र हसले नाही. जाळीच्या आत माझंच पोर उभं होतं.